कोशाच्या पाखराच्या गावी

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. मृगाची पहिली सर येऊन गेली होती आणि वरोऱ्याच्या बाजारपेठेत ओल्या मातीचा व भिजलेल्या पोत्यांचा वास भरून राहिला होता. दिवस असतानाच जेवण आटोपून मी हिशेबाच्या वह्या पुऱ्या करण्यासाठी पुन्हा दुकानात येऊन बसलो होतो. पावसाळ्याच्या आरंभी दिव्यापाशी किती जीव जमतात हे वाचकांना सांगायला नको. म्हणूनच या दिवसांत आम्ही दुकानाबाहेरचा दिवा लावीत नाही. त्या दिवशी तो चुकून चालू राहिला. थोड्याच वेळात शटरवर काहीतरी धप्पकन आपटले. पाहतो तो वीतभर पंखांचे, मातकट तांबूस रंगाचे एक पाखरू तेथे बसलेले. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध अभ्रकाचा तुकडा बसवावा तशी पारदर्शक टिकली. डोक्यावर पिसांसारख्या दोन रुंद मिशा.

दुकानातील धाकट्या मुलाने खराटा उचलला. आमच्याकडे वीस वर्षे काम करणारे, मूळचे ब्रह्मपुरीकडील एक गृहस्थ त्याचा हात धरून म्हणाले, "थांब रे. कोशाचं पाखरू आहे ते." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "शेठजी, याच्याच कापडाले टेकून बसले ना तुम्ही."

मी खरोखरच कोशाच्या ताग्यांना टेकून बसलो होतो.

आमच्या घराण्यात कापडाचा व्यापार तीन पिढ्यांचा. अस्सल कोसा कोणता आणि कृत्रिम धागा मिसळलेला कोणता, हे मी दोन बोटांत कापड चोळून सांगू शकतो. शंका आली तर एक धागा जाळून त्याच्या वासावरून सांगतो. परंतु ज्या जीवापासून हे कापड होते तो जीव मी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा ओळखलाही नाही. ही लाज मनात घेऊन त्या रात्री घरी गेलो.

वरोरा हे गाव आपल्या समाजातील बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असते. भद्रावतीच्या स्वप्नदेव केशरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला नागपूरकडून जाताना अलीकडे वरोरा लागते, हे एक. आणि बाबा आमटे यांचे आनंदवन, हे दुसरे. त्याआधीचे वरोरा कोळशाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कोळशाची खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, १९०६ साली खाण बंद पडली, मार्ग मात्र राहिला आणि पुढे बल्लारशाहवरून दक्षिणेला जोडला गेला. कोळसा गेला तरी कापूस होता, आणि कापसामागे आमच्यासारखी व्यापारी घराणी येथे स्थिरावली. काळ्या जमिनीचा हा मुलूख. जंगल येथून फार दूर नाही, पण सलगही नाही. शेती, खाणी आणि रस्ते यांच्या मधूनमधून ते बेटांसारखे उरले आहे. दुकानात आलेले पाखरू अशाच एखाद्या बेटावरून आले असावे.

आता थोडे घरातले सांगितले पाहिजे. माझी आई ऐंशी वर्षांची आहे. तिच्या लग्नात मिळालेली कोशाची साडी ती पूजेसाठी वापरीत असे. रेशीम अशुद्धी धरीत नाही, म्हणून देवपूजेला रेशमी वस्त्र, ही समजूत आपल्याकडे जुनी. शेजारच्या ब्राह्मण घरांतही कोशाचेच सोवळे. काही वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात एका पूज्य महाराजसाहेबांच्या व्याख्यानात रेशमाचा विषय निघाला. धागा काढण्यासाठी कोशातील जीव आतल्या आत मारला जातो, एका वस्त्रामागे असे शेकडो जीव, असे त्यांनी सांगितले. आई घरी आली, साडीची घडी घातली आणि ती पेटीच्या तळाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून पूजेला सुती पातळ. ती कोणाला काही बोलली नाही. दुकानात कोसा विकतोस त्याचे काय, असेही तिने मला विचारले नाही. विचारले असते तर मी काहीतरी उत्तर दिले असते. उद्योगी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतील भेद मलाही पाठ आहे. परंतु श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार आहे हेही पाठ आहे. लाख हीसुद्धा याच रानातून, अशाच एका किड्यापासून येते. माझ्या आजोबांनी लाखेचा धंदा कधी केला नाही. कोशाचा केला.

म्हणून ठरविले की चातुर्मास बसण्यापूर्वी एकदा जाऊन पाहून यावे. त्या गृहस्थांचे मामा आरमोरी तालुक्यातील एका गावात कोसा पिकवतात. आषाढ लागायच्या आत आम्ही दोघे निघालो.

वरोऱ्याहून पूर्वेला निघाले की चिमूरपर्यंत कापूस आणि सोयाबीन यांचीच सोबत असते. चिमूर हे १९४२ च्या ऑगस्टमधील उठावाचे गाव. तेथे चहाला थांबलो. चिमूर सोडले की हळूहळू भूमी बदलते. नागभीडकडे जाता जाता काळी माती मागे पडते, बांध घातलेल्या धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि दर दोन-चार गावांआड एक तलाव दिसतो. हे तलाव जुन्या मालगुजारांच्या काळातले. धानाची तहान आणि ढिवरांची मासेमारी या दोन्ही गोष्टी त्यांच्यावर चालत आल्या. मोह, तेंदू, बिबा आणि ऐन यांची झाडे रस्त्यालगत येऊ लागतात. ब्रह्मपुरी ओलांडून वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा नदीला अजून पाणी चढले नव्हते. पलीकडे गडचिरोली जिल्हा आणि आरमोरी.

महाराष्ट्रात तुतीचे रेशीम आता पुष्कळ जिल्ह्यांत होते, परंतु रानातला हा टसर कोसा केवळ गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत. राज्याचे रेशीम संचालनालय १९९७ साली नागपुरात सुरू झाले, त्यामागे या भागाची परंपरा आहेच. आणि ही परंपरा मुख्यतः ढिवर समाजाची. मासे धरणाऱ्या जातीने रेशीम पिकवावे, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. मामांना ते विचारले तेव्हा ते म्हणाले, "पानी आटलं का मासोळी संपली. पोट कायले थांबते? मग रान आहेच."

मामा सत्तरीचे, किडकिडीत, बोलण्यात सावकाश. त्यांनी आम्हाला अंगणात बसविले आणि पाणी दिले. मी पाणी गाळून पितो हे भाच्याने आधीच कळविलेले असावे. तांब्यावर स्वच्छ फडके बांधलेले होते.

घराच्या आतल्या खोलीत, अंधारात, कोशांच्या माळा टांगल्या होत्या. कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढा एकेक कोष, राखट पिवळसर, सुपारीसारखा टणक. प्रत्येकाला एक काळपट देठ आणि देठाच्या टोकाला कडी. त्या कडीविषयी मामांनी जे सांगितले ते मी विसरणार नाही. ऐनाची पाने उन्हाळ्यात गळतात. पानात कोष विणला तर तो पानाबरोबर जमिनीवर पडेल. म्हणून अळी आधी डहाळीभोवती रेशमाची कडी घालते, तिला देठ जोडते, आणि मग त्या देठाला लटकून स्वतःभोवती भिंत बांधायला बसते. पाने गळून जातात, कोष फांदीवर टांगलेला राहतो. हिवाळा जातो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा भाजून काढणारा उन्हाळा जातो, आत जीव न खाता न पिता निजलेला असतो. पाऊस पडला, हवा ओलावली की तो जागा होतो.

मृग लागल्यावर पतंग कोषातून बाहेर येतात. आणि नेमक्या याच सुमारास आपले साधु-साध्वी विहार थांबवून एका जागी राहण्याची तयारी करतात, कारण पावसाने भूमी जीवांनी भरून जाते. चातुर्मासाचे हे कारण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या खोलीत उभा असताना ते प्रथमच डोळ्यांना दिसले.

दिवस मावळल्यावर मामांनी मंद कंदील दाराबाहेर ठेवला आणि आम्हाला गप्प बसायला सांगितले. बऱ्याच वेळाने एका कोषाचे देठाकडील टोक ओले दिसू लागले. आतील पतंग तोंडापाशी एक पाझर सोडतो. त्याने धाग्यांना चिकटवून ठेवणारा डिंक विरघळतो, आणि मग तो डोक्याने धागे बाजूला सारीत वाट काढतो. धागे फारसे तुटत नाहीत, फाकतात. प्रथम डोके आले, मग भिजलेले, सुरकुतलेले अंग, पंख बोटाच्या पेराएवढे. ते पाखरू कोषालाच उलटे लटकून राहिले. आणि अर्ध्याएक तासात, आमच्या डोळ्यांदेखत, ते पंख घडी उलगडावी तसे उलगडत गेले. मी आयुष्यभर ताग्यांच्या घड्या उलगडल्या आहेत. तरी हे पाहताना मला बोलावेसे वाटले नाही.

ती मादी होती, पिवळसर, भरल्या पोटाची. नर तांबूस आणि चपळ; त्याच्या मिशा रुंद, कारण मादीचा गंध त्याला अंधारात दुरून हुंगून काढायचा असतो. आमच्या दुकानात आलेला नर होता, हे तेव्हा कळले. या पतंगांना खाण्यासाठी तोंडच नसते, म्हणजे असते ते निरुपयोगी. आठ-दहा दिवसांचे आयुष्य, त्यात अन्नाचा कण नाही. आपल्याकडे दीर्घ उपवासांचे मोल जाणणारे पुष्कळ आहेत. या जीवाला तो उपवास जन्मतःच मिळालेला. आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली: या कुळातील पतंगांना कान नसतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य यांची एकेक इंद्रिय वाढत जाणारी चढण सांगितली आहे. त्यात भुंग्याची पायरी चार इंद्रियांची, म्हणजे श्रवणाविना. पतंग हाही आपण त्याच पायरीवर मानतो. या पाखरापुरते तरी शास्त्र आणि सूक्ष्मदर्शक यांचे एकमत आहे.

सकाळी मामा आम्हाला रानात घेऊन गेले. ऐनाची कमी उंचीची, छाटून झुडपासारखी ठेवलेली झाडे, मधूनमधून अर्जुनाची. मादी दीड-दोनशे अंडी घालते. ती आठ-दहा दिवसांत फुटतात. अंडी पानांच्या लहान द्रोणांत ठेवून ते द्रोण झाडाला टोचायचे, अळ्या बाहेर पडून स्वतःच पानावर चढतात. पुढे महिनाभर, थंडीच्या पिकात त्याहून अधिक काळ, अळी पाने खाते, चार वेळा कात टाकते, आणि बोटाएवढी, हिरवीगार, कडेला चांदीचे ठिपके असलेली होते. तिच्यावर पक्षी टपलेले, मुंग्या टपलेल्या, गांधीलमाश्या टपलेल्या. म्हणून माणसाने रानात खोप बांधून राहायचे आणि दिवसभर गोफण घेऊन, आरोळ्या देत राखण करायची. झाडाची पाने संपली की अळ्यांसह डहाळी कापून दुसऱ्या झाडावर न्यायची.

"आमच्या बापाच्या वेळी कोसा रानात असला का घरात मासोळी शिजे नाही," मामा म्हणाले. "एक वेळ जेवण. बायकोजवळ नाही निजाचं. अळीले विटाळ चालत नाही म्हणत."

"आणि आता?"

"आता पोरं आयकत नाहीत. पन मी पारतो."

ढिवराने महिना-दीड महिना मासळी सोडावी, ब्रह्मचर्य पाळावे, एकभुक्त राहावे, आणि हे सर्व ज्या जीवासाठी, त्याला शेवटी वाफेत घालावे. मी काहीच बोललो नाही. मामांनीच विषय बदलला.

परतताना एका बीजकेंद्रात नेण्याचे भाच्याने ठरविले होते. तेथे मादी अंडी घालून झाली की तिचे पोट खलात कुटतात आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेब्रिन नावाचा एक रोग आईकडून अंड्यांत उतरतो. त्याचे चमकदार लंबगोल कण दिसले तर ती अंडी जाळून टाकायची. ही पद्धत लुई पाश्चरची. १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समधील रेशीमधंदा या रोगाने बुडत असताना त्याने ती घालून दिली आणि आज आरमोरीच्या रानापर्यंत ती पोहोचली आहे. तिच्याविना संपूर्ण पीक झाडावरच मरते, हे मला समजले. पण मी येताना अशी कल्पना घेऊन आलो होतो की बीजासाठी ठेवलेले जीव तरी सुटतात, कोष फोडून उडून जातात. नर सुटतो. मादीची अंडी सुटतात. मादी खलात जाते.

चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर, मी पुन्हा गेलो. या वेळी आठ दिवस आधी मनाची तयारी केली होती, तरी ती पुरली नाही.

पीक उतरले होते. बीजाचे कोष बाजूला काढून उरलेल्यांना वाफ देत होते. कडक उन्हाचे दिवस असले तर उन्हातही वाळवितात. मग सोड्याच्या पाण्यात ते शिजवायचे, म्हणजे डिंक सुटतो. तपकिरी पाण्यातून वाफ येत होती. तो वास कसा होता हे मी लिहीत नाही. दोन बाया कोशांची टोके शोधून धागा यंत्रावर घेत होत्या. पूर्वी हा धागा उघड्या मांडीवर वळीत. कातडी सोलवटून निघे. केंद्रीय रेशीम मंडळाने आणलेल्या 'बुनियाद' नावाच्या यंत्राने अनेक ठिकाणी ते थांबले, हे चांगले झाले. कोष रिकामा होत होता तसतसा आतला काळपट तपकिरी जीव दिसू लागे आणि टोपलीत पडे. टोपली भरत आली होती. पुढे तिचे काय होते हे मी विचारले नाही.

मी त्या बाईंना विचारले, पाखरू निघून गेलेल्या कोषाचे काय करता? त्यांनी कोपऱ्यातील एक पोते दाखविले. बीजाचे फुटके कोष. त्यांचा सलग धागा निघत नाही, म्हणून हाताने ओढून किंवा कातून जाड, गाठाळ सूत काढतात. झारखंड-छत्तीसगडकडे त्याला घिचा म्हणतात. भाव अर्थातच कमी. चमक कमी, पोत खरबरीत. बाजारात ज्याला आपण कोशाची झळाळी म्हणतो ती अखंड धाग्याची झळाळी असते, आणि धागा अखंड राहण्याची अट एकच: आतल्याने बाहेर यायचे नाही. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले. व्यापाऱ्याला भावातील फरकाचे कारण ठाऊक असावे लागते. या फरकाचे कारण मला तीस वर्षे ठाऊक नव्हते.

या प्रश्नाने अस्वस्थ झालेला मी काही पहिला नाही. हैदराबादचे कुसुमा राजैया हे हातमाग क्षेत्रातील एक सरकारी अधिकारी. १९९० नंतर त्यांनी पतंग उडून गेल्यावरच कोष कातून रेशीम करण्याची पद्धत बसविली आणि तिचे पेटंटही घेतले. जीव न मारता केलेली साडी मिळेल का, असे तत्कालीन राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या पत्नी जानकी वेंकटरमण यांनी विचारले, तेथून हा शोध सुरू झाला असे सांगतात. आसामातील एरी रेशमाचा कोष तर मुळातच एका टोकाला उघडा असतो. मार्ग आहेत. मात्र एरीच्या कोषातील जीव तेथील लोक आवडीने खातात, हेही तितकेच खरे. नुसत्या नावावर विसंबून माल घेऊ नये.

मामांना मी सरळच विचारले: आम्ही जैन व्यापाऱ्यांनी हा कोसा घेणे सोडले तर?

ते बराच वेळ ऐनाकडे पाहत राहिले. "तुम्ही नाही घेतला तं दुसरा घेईन. दुसऱ्यानंही नाही घेतला, तं हे ऐन कोन ठेवीन? हे रान कोशापायी उभं आहे. या झाडाले आमी कुऱ्हाड लावू देत नाही." मग थोड्या वेळाने, "फुटक्याले भाव द्या. मग पाहू."

या 'मग पाहू'वर मी परतीच्या वाटेत पुष्कळ विचार केला. तुतीवरचा रेशमाचा पतंग हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून उडणेच विसरला आहे. त्याला पंख आहेत, उड्डाण नाही. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला केर्गेलेन नावाची ओसाड, वादळी बेटे आहेत. तेथील एका पतंगाचे पंख इतके खुरटले आहेत की त्यालाही उडता येत नाही. मदेरा बेटावरील भुंगेऱ्यांविषयी डार्विनने जे कारण सुचविले होते ते येथेही लावतात: जो उडतो त्याला वारा समुद्रात नेतो, जो उडत नाही तो उरतो. आपल्या अंदमानातही कोशाच्या पाखराचा एक भाऊबंद आहे, अँथेरिया अंदमाना नावाचा. तो त्या बेटांचाच रहिवासी. बेटावर राहणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते. आमचे पाखरू अजून उडते, नर तर दूरदूर उडतो. पण त्याचे रान तुकड्यातुकड्यांचे झाले तर तोही बेटावरच राहणारा. या टसराच्या प्रदेशपरत्वे चाळीसहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी मोजल्या आहेत, आणि त्यांतील एकीचे नावच 'भंडारा' आहे, ती आपल्या या भागाची. तिच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी अधिक धागा देणारे, झारखंडकडील 'डाबा' जातीचे बीज येते. मामांच्या माळांत दोन्ही होते. भंडाऱ्याचे कोष लहान. ते त्यांनी निराळ्या माळेत, थोडे मागे टांगले होते.

म्हणजे हा जीव वाचवायचा तर कोणता? टोपलीत पडणारा एकेक, की रानातील त्याचे कूळ? आपले शास्त्र एकेका जीवाचा हिशेब ठेवते आणि तो चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही. परंतु ऐनच तुटला तर हिशेबाला जीवच उरणार नाही, हेही पाहून आलो आहे. या दोन्ही खात्यांचा मेळ मला अद्याप लागलेला नाही.

दुकानापुरते सांगायचे तर, अखंड धाग्याच्या कोशाची नवी खरेदी मी थांबविली आहे. फुटक्या कोशांचे सूत मामांच्या गावाहून आणि शेजारच्या दोन गावांहून, सलग कोशाच्या जवळपासचा भाव देऊन, घेतो व भंडारा जिल्ह्यातील एका विणकराकडून विणून घेतो. त्यांना करवतकाठी साडीच्या काठाची सवय. या गाठाळ सुतावर तो करवतीच्या दात्यांसारखा काठ नीट बसत नाही म्हणून ते पहिल्यांदा कुरकुरले, आता कुरकुरत नाहीत. एका हितचिंतकाने ताग्यावर 'अहिंसा रेशीम' अशी चिठ्ठी लावण्याचा सल्ला दिला; खप वाढेल म्हणाले. वाढलाही असता. पण मी खल पाहिलेला आहे. चिठ्ठीवर 'फुटक्या कोशाचे कापड' एवढेच लिहिले आहे. काही गिऱ्हाईक हात लावून ठेवून देतात, काही विचारतात, आणि विचारणाऱ्यांना मी वेळ असेल तितके सांगतो. जुना, झळाळीचा माल अजून अर्ध्या फळीवर पडून आहे. त्याचे काय करावे हे ठरत नाही. विकला तर दोष, जाळला तर त्या जीवांचे मरण फुकट.

कार्तिकातील त्या फेरीहून परतलो तेव्हा मामांनी दिलेला एक रिकामा कोष खिशात होता. रात्री आईच्या हातावर ठेवला. तिने चष्मा लावून तो दिव्याकडे धरला, देठापाशी असलेल्या भोकातून आत पाहिले, मग हलवून कानाशी नेला.

"यातला गेला ना बाहेर?" तिने विचारले.

"गेला," मी म्हणालो. "नर होता म्हणे."

तिने आणखी काही विचारले नाही. कोष तिच्या पूजेच्या पेटीत, केशराच्या डबीशेजारी आहे. साडी अजून दुसऱ्या पेटीच्या तळाशीच आहे.